सावित्रीबाई फुले व त्यांचा यशवंत

रोहिणखेडच्या आसपासच्या खेड्यापाड्यांतून सेवेनिमित्त फिरताना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. एखाद्या घरातील कर्ता पुरुष जातो, आई आधीच गेलेली असते, आणि मागे एखादे लेकरू उरते. अशा लेकराला कोणी उपाशी ठेवीत नाही. आपल्या लोकांत तेवढी माया अजून शिल्लक आहे. चार महिने काकाकडे, चार महिने मामाकडे, सुगी आली की आजीकडे, असा त्याचा क्रम लावून दिला जातो. भाकरी मिळते, अंगावर कपडा मिळतो. परंतु शाळेत गुरुजींनी घर कोणते म्हणून विचारले असता ते लेकरू क्षणभर थांबते, आणि त्या महिन्यात ज्या घरी निजत असेल त्या घराचे नाव सांगते. त्याच्या कपड्यांची पिशवी कधी पुरती रिकामी होत नाही. ती लवकरच पुन्हा भरावयाची आहे हे त्याला ठाऊक असते.

भाकरी देणे आणि घर देणे ही दोन निरनिराळी कामे होत. पहिले काम दयाळू माणूस करितो व ते थोर आहे. दुसरे काम त्याहून कठीण आहे, कारण त्यात आपले नाव, आपला वाटा आणि आपल्या भाऊबंदांतील आपली जागा त्या लेकराबरोबर वाटून घ्यावी लागते. हा भेद ज्या एका बाईने आपल्या आयुष्यात लख्ख करून दाखविला, तिचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

सावित्रीबाई फुले हे नाव आज कोणास अपरिचित नाही. मुलींच्या शाळेतील आद्य शिक्षिका म्हणून त्यांची तसबीर गावोगावच्या शाळांत लाविलेली असते. त्या आपल्या ख्रिस्ती मंडळीतील नव्हत्या. तथापि परक्याच्या लेकरासाठी जे त्यांनी केले त्यापासून आपणांस पुष्कळ घेण्यासारखे आहे. त्यांच्या शाळांचा वृत्तांत बहुतेकांना ठाऊक असल्यामुळे येथे तो थोडक्यात देऊन त्यांच्या मातृत्वाची हकीकत सविस्तर सांगतो.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील ह्यांच्या घरी झाला. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याचे जोतीराव फुले ह्यांच्याशी त्यांचे लग्न झाले. जोतीराव त्या वेळी तेरा वर्षांचे होते. ज्या घरात ही लहानगी सून आली त्या घराला आईविना वाढलेल्या लेकराचा अनुभव होता. जोतीराव पुरते वर्षाचेही झाले नव्हते तोच त्यांची आई चिमणाबाई वारली, आणि नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर ह्या बालविधवेने त्यांना वाढविले. ही सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी अनाथ मुलांचा सांभाळ करीत असे, असे चरित्रकार लिहितात. जोतीरावांच्या शिक्षणाची कळकळ जिला होती ती हीच बाई. तिने त्यांना जन्म दिला नव्हता, तरी त्यांच्या आयुष्याला वळण लावण्यात तिचा वाटा मोठा होता. पोटच्या नसलेल्या पोरावर जीव लावून काय होते हे पाहावयास सावित्रीबाईंना दूर जावे लागले नाही. त्याचे उदाहरण त्यांच्या घरातच चालत बोलत होते.

जोतीराव १८४१ ते १८४७ ह्या काळात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी व सगुणाबाईंनी सावित्रीबाईंना लिहावयास वाचावयास शिकविले, आणि पुढे अहमदनगर येथे मिस फॅरार ह्यांच्याजवळ व पुण्यास मिसेस मिचेल ह्यांच्याजवळ त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यातील भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्या अंगावर शेण व चिखल पडे. म्हणून त्या एक लुगडे जास्तीचे बरोबर नेत व शाळेत गेल्यावर बदलीत. लोकनिंदेच्या भयाने सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले तेव्हा दुसऱ्याच्या आसऱ्याला राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. आपले घर नसणे म्हणजे काय हे अशा रीतीने त्या ऐन तारुण्यात शिकल्या.

लग्नाला पुष्कळ वर्षे लोटली तरी ह्या दांपत्यास मूल झाले नाही. त्या काळी असा प्रसंग आला की त्यावर एकच तोड सांगितली जाई, ती म्हणजे दुसरी बायको करणे. जोतीरावांनाही आप्तेष्टांनी हाच उपदेश केला. मूल न होण्याचा दोष केवळ बायकोच्या माथी का मारावा, असा त्यांचा उलट प्रश्न असे, आणि दुसरे लग्न करण्यास त्यांनी साफ नकार दिला. घर रिकामे राहिले, पण त्या रिकामेपणाला त्यांनी कुरवाळीत बसू दिले नाही. दूरगावाहून शिकावयास आलेली मुले त्यांच्या घरी राहत व त्यांचे खाणेपिणे, दुखणेखुपणे सावित्रीबाई पाहत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी उच्च म्हणविणाऱ्या जातींत मुलींची लग्ने बाळपणीच होत, आणि नवरा मेला तर त्या मुलीस पुन्हा लग्न करण्याची रूढी मुभा देत नसे. अशी तरुण विधवा घरातल्याच किंवा ओळखीच्या एखाद्या पुरुषाच्या वासनेस बळी पडली, आणि तिला दिवस गेले, तर तिच्यापुढे दोनच वाटा उरत. एक तर आपला जीव द्यावयाचा, नाही तर त्या लेकराचा घ्यावयाचा. पुण्यातील काशीबाई नावाच्या एका गरीब ब्राह्मण विधवेने असेच आपले मूल मारिले. खटला होऊन तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या पुरुषाने तिला त्या स्थितीस आणिले त्याला मात्र कोणी हात लाविला नाही. ही हकीकत जोतीरावांनी पुढे लिहून ठेविली आहे.

ह्या प्रसंगाने दोघांच्या मनावर खोल घाव बसला. १८६३ साली त्यांनी आपल्या स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडिले. ब्राह्मण वस्तीत व इतरत्र भिंतींवर जाहिराती लावून विधवांस कळविले की, कोणी अशा संकटात असेल तर तिने गुप्तपणे येथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल घेऊन जावे अगर येथे ठेवावे. ठेविलेल्या मुलाचा सांभाळ केला जाईल. जाहिरात लावणे सोपे आहे. आलेल्या बाईला दार उघडणे, रात्री तिच्या उशाशी बसणे, तिचे मूल न्हाऊ घालणे, तिच्या तोंडून तिची कर्मकथा ऐकूनही चेहऱ्यावर तिटकारा न दाखविणे, हे सर्व काम सावित्रीबाईंच्या वाट्याला आले. त्यांनी ते नेमून दिलेल्या चाकरीप्रमाणे केले नाही. लेकीचे बाळंतपण करावे तसे केले.

ह्या कामाचे फळ किती कडू होते हे वाचकांनी लक्षात घ्यावे. १८८४ सालापर्यंत पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या, असे जोतीरावांनी त्या वर्षी लिहिलेल्या टिपणात नमूद केले आहे. त्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची तीस दगावली. गरोदरपण लपविण्यासाठी त्या अभागी आयांनी आधीच विषारी औषधे घेतलेली असत, आणि त्यांचा परिणाम गर्भावर होऊन मूल हाती लागले तरी टिकत नसे. म्हणजे एकवीस वर्षांत तीस वेळा सावित्रीबाईंनी एक इवले प्रेत पाहिले. तरी एकतिसाव्या बाईला दार उघडावयास त्या चुकल्या नाहीत.

ह्याच मनाची दुसरी साक्ष १८६८ सालची आहे. सावित्रीबाई त्या वेळी नायगावी माहेरी होत्या. तेथे एका ब्राह्मण तरुणाचे व एका महार मुलीचे प्रेम जमून मुलगी गरोदर राहिली. गावकरी दोघांना मारीत मारीत गावातून फिरवीत होते व पुढे त्यांचा जीवच घेण्याचा त्यांचा बेत होता. सावित्रीबाई धावत जाऊन मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी जमावाला आवरिले, आणि त्या दोघांना पुण्यास जोतीरावांकडे पाठवून दिले. दोन जीव वाचले असे लोक म्हणतील. खरे पाहता तीन वाचले.

१८७४ साली बालहत्या प्रतिबंधक गृहात काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका ब्राह्मण विधवेला मुलगा झाला. हे मूल जगले. सावित्रीबाईंनी व जोतीरावांनी ते दत्तक घेतले व त्याचे नाव यशवंत ठेविले.

ह्या एका वाक्यात केवढे धाडस भरलेले आहे हे आज आपल्या चटकन ध्यानी येत नाही. त्या काळच्या रूढीने दत्तक घ्यावयाचा तो आपल्याच जातीतला, शक्य तर भाऊबंदांतला, आणि ज्याचा बाप कोण हे चारचौघांत सांगता येईल असा असे. शिवाय दत्तक घेण्याचा हेतूही बहुधा वडिलांच्या पिंडदानाची व इस्टेटीची सोय लावणे हाच असे. लेकराला घर मिळावे हा नव्हे. फुले ह्यांनी हा सारा क्रम उलटा केला. जात वेगळी, बापाचा पत्ता नाही, आईची समाजाने छीथू केलेली, असे मूल त्यांनी घेतले, ते त्या मुलासाठी. गृहात जन्मलेले मूल गृहातच वाढविता आले असते. त्याला अन्नवस्त्र तितकेच मिळाले असते. पण सावित्रीबाईंनी त्याला आपले नाव दिले. त्या दिवसापासून तो आश्रित राहिला नाही. तो फुल्यांचा यशवंत झाला.

पुढे १८७६ व १८७७ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. माणसे झाडपाला खाऊ लागली, गुरे मेली, आईबाप पोरांना टाकून देशोधडीस लागले. सत्यशोधक समाजाची मंडळी गावोगाव मदतीचे काम करीत होती. सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूर येथे होत्या व तेथील हालअपेष्टांची वार्ता त्यांनी पत्राने जोतीरावांना कळविली. पुण्याजवळ धनकवडी येथे १८७७ साली दुष्काळपीडित मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडण्यात आला व तेथे मुलांना अन्न दिले जाई. दुष्काळ ओसरला तसे हे काम संपले, आणि ते संपणे योग्यच होते. संकटकाळी उघडिलेला आश्रय संकट टळल्यावर मिटावा. परंतु यशवंताचे घर मिटण्यासारखे नव्हते. आश्रय कसा द्यावा व घर कसे द्यावे, ही दोन्ही कामे एकाच बाईच्या हातून एकाच काळी कशी घडली, हे येथे स्पष्ट दिसते.

यशवंताला शाळेत घातले, शिकविले, वाढविले. पुढे तो डॉक्टर झाला. परंतु केवळ माया व शिक्षण एवढ्यावर हे आईबाप थांबले नाहीत. रक्ताचे भाऊबंद उद्या ह्या मुलाला बाहेर काढतील हे त्यांनी ओळखिले होते. म्हणून १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केले व यशवंत हाच आपला मुलगा व वारस असे त्यात नमूद केले. पुष्कळ प्रेमळ माणसे येथे चुकतात. लेकरावर प्रेम करितात, पण कागद करीत नाहीत. आणि त्यांच्या डोळे मिटण्याबरोबर लेकराचे घरही मिटते.

मुलगा लग्नाचा झाला तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. शिकलेला, सुस्वभावी मुलगा. पण विधवेच्या पोटी असा जन्मलेला म्हणून त्याला कोणी मुलगी देईना. अखेर सत्यशोधक समाजातील कार्यकर्ते ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे ह्यांनी आपली मुलगी राधा देऊ केली. सावित्रीबाईंनी लग्नापूर्वीच तिला आपल्या घरी आणून ठेविले, तिच्या शिक्षणाकडे लक्ष दिले, आणि घरातील माणसांची तिला ओळख होऊ दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हे लग्न झाले व सुनेचे नाव लक्ष्मी ठेविण्यात आले. परक्या घरी एकाएकी जाऊन पडणे किती जड जाते हे नऊ वर्षांच्या वयात सासरी आलेल्या बाईला ठाऊक होते. म्हणून तिने आपल्या सुनेसाठी ती वाट हलकी केली.

त्याच्या आदल्या वर्षी जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवे अंग लुळे पडले होते. तशा स्थितीत डाव्या हाताने लिहून त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निधन पावले. ते पुस्तक त्यांच्यामागे १८९१ साली प्रसिद्ध करण्याचे काम यशवंताने केले. रक्ताच्या नात्याने न लाभलेल्या बापाचे शब्द जगापुढे ठेवणारा हाच तो मुलगा.

परंतु त्यापूर्वी एक कठीण प्रसंग गुदरला. अंत्ययात्रा निघण्याच्या वेळी भाऊबंद पुढे आले. प्रेतापुढे जो टिटवे धरतो तो वारस, अशी रूढी आहे. दत्तक मुलाला हा हक्क नाही, तो आमचा, असे ते म्हणू लागले. बाप दारात मृत पडलेला, सोळा वर्षांचा मुलगा त्याच्यापाशी उभा, आणि तू ह्याचा कोणी नव्हेस असे त्याला सर्वांदेखत सांगितले जात आहे, हा देखावा वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. ज्याला दुसऱ्याच्या घरी वाढविले गेले आहे अशा प्रत्येकाच्या मनात हीच एक भीती कोठे तरी दडलेली असते.

सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी ते टिटवे स्वतःच्या हाती घेतले, प्रेतयात्रेच्या अग्रभागी त्या चालल्या, आणि पतीच्या देहास अग्नीही त्यांनीच दिला. बायकांनी स्मशानात पाऊल ठेवू नये अशा काळात ही गोष्ट घडली. ह्या कृत्याची स्तुती स्त्रियांच्या हक्काच्या दृष्टीने पुष्कळांनी केली आहे व ती यथार्थ आहे. परंतु त्यात एका आईचेही हृदय आहे. आपल्या मुलाला वारसा नाकारणाऱ्या हातांत तिने ते टिटवे जाऊ दिले नाही.

पतीच्या पश्चात सत्यशोधक समाजाच्या कामाचा भार सावित्रीबाईंनी वाहिला. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १८९५ साली त्यांची सून लक्ष्मी वारली. यशवंत लष्करात डॉक्टर म्हणून नोकरीस होता. इतक्यात १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ भडकली. घरेच्या घरे ओस पडू लागली, लोक शहर सोडून पळू लागले. सावित्रीबाईंनी मुलाला रजा घेऊन बोलाविले व हडपसरजवळ ससाणे ह्यांच्या माळावर दवाखाना घातला. यशवंत रोग्यांना औषध देई आणि त्याची छासष्ट वर्षांची आई रोग्यांना शोधून आणी.

मुंढवा येथील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड ह्याच्या मुलास प्लेगची गाठ आल्याचे त्यांना कळले. त्या काळी सख्खे आप्तही अशा रोग्याजवळ जाण्यास भीत. सावित्रीबाईंनी त्या मुलाला पाठीवर घेतले व दवाखान्यात आणिले. त्यातूनच त्यांना रोगाचा संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या आयुष्यातील शेवटचे मोठे काम हेच, की परक्याचे लेकरू त्यांच्या पाठीवर होते. यशवंत पुढे पुन्हा नोकरीवर गेला व १९०५ साली वारला.

असे हे चरित्र. आता त्यातून आपण काय घ्यावे?

आपल्या वऱ्हाडातील मंडळ्यांना अनाथांच्या प्रश्नाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. १८९९ व १९०० सालच्या दुष्काळात मिशनांनी ह्या भागात अनाथगृहे उघडिली होती. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी त्याआधी १८९७ सालीच मध्य प्रांतातून दुष्काळातील शेकडो मुलींना उचलून आणिले होते. त्या उपकाराची आठवण आपण ठेविली पाहिजे. तथापि अनाथगृह हा दुष्काळाचा उपाय आहे. रोजच्या दिवसाचा उपाय घर हा आहे. पवित्र शास्त्रातही हेच दिसते. मोशे परक्या राजकन्येच्या घरी वाढला, एस्तेर तिच्या चुलतभावाच्या, मर्दखयाच्या, घरी वाढली, आणि आपला प्रभूही योसेफाच्या घरी योसेफाचा पुत्र म्हणून वाढला. विश्वासणाऱ्यांचे देवाशी जे नाते प्रेषित पौल सांगतो त्याला त्याने दत्तकपणाचीच उपमा दिली आहे. ज्याला स्वतः दत्तक घेतले गेले आहे त्याने दत्तक लेकराला कमी लेखावे हे शोभत नाही.

कायद्याच्या बाबतीत ख्रिस्ती लोकांना पूर्वी मोठी अडचण होती. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती घराने मूल घेतले तर १८९० च्या कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे. मूल सज्ञान झाले की ते संपे, आणि त्यातून वारसा उत्पन्न होत नसे. म्हणजे यशवंतापुढे जे भाऊबंद उभे राहिले तेच प्रत्येक ख्रिस्ती दत्तकापुढे उभे राहू शकत. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने व २००६ च्या दुरुस्तीने ही स्थिती पालटली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणत्याही धर्माच्या माणसास ह्या कायद्याखाली दत्तक घेता येते असे सांगितले. आता २०१५ चा कायदा चालू आहे व २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. असा आदेश झाला की ते मूल सर्व बाबतींत त्या घरचे होते. नात्यातील लेकरूही ह्याच कायद्याने दत्तक घेता येते. मात्र बेवारस किंवा अनाथ मूल परस्पर स्टँपपेपर करून घेणे हा ह्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टाकलेले मूल आढळले तर १०९८ ह्या क्रमांकावर कळवावे, म्हणजे बालकल्याण समिती पुढील व्यवस्था करिते.

ज्याला दत्तक घेणे शक्य नाही त्यालाही दुसरा मार्ग आहे. मूल संस्थेत न ठेविता कुटुंबात वाढावे म्हणून महाराष्ट्र सरकारची बाल संगोपन योजना आहे, आणि २०२३ सालापासून ह्या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले ह्यांचेच नाव दिले आहे. त्या वर्षापासून दर मुलामागे महिना २,२५० रुपये साहाय्य ठरविले आहे. ज्या काकाने किंवा आजीने अनाथ नातवंड घरी ठेविले आहे, किंवा एकटी विधवा ज्या मुलांना वाढवीत आहे, त्यांनी बुलढाण्यास जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. परक्याचे मूल काही काळ घरी वाढविण्यालाही कायद्यात जागा आहे. त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. २०२४ च्या सूचनांप्रमाणे असे दोन वर्षे वाढविलेले मूल, नियमांत बसत असेल तर, त्याच कुटुंबाला दत्तक घेता येते.

मंडळीच्या सेवकांना माझी नम्र विनंती आहे. येत्या आठवड्यात आपल्या गावातील घरे मनात मोजून पाहा. कोणते लेकरू घरोघर फिरते आहे? त्याच्या नातलगांना एका दिवशी एकत्र बसवा. त्यांना दोष देऊ नका. त्यांनी भाकरी दिली आहे. पण आता त्यांच्यापैकी एका घराने ते लेकरू कायमचे आपले म्हणावे, आणि बाकीच्यांनी त्या घराला धान्य, वह्या, औषधपाणी ह्यांचा हातभार लावावा, असे ठरवून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आपण लिहून द्या व त्यांच्याबरोबर कचेरीत जा. शाळेच्या दाखल्यावर व शिधापत्रिकेवर त्या लेकराचे नाव त्या घराच्या नावाखाली लागले की मगच काम पुरे झाले असे समजा.

ज्या घरात मूल नाही त्यांनीही ह्या चरित्राकडे पाहावे. नवस, गंडे, दुसरी बायको ह्यांच्या मागे धावून किती संसार मोडले! पुण्याच्या त्या दांपत्याचा संसार मात्र ह्यापैकी कशावाचूनही भरला.

पुढच्या सुगीला आपल्या गावातील एखादे लेकरू पिशवी भरावयास बसेल, तेव्हा कोणी तरी ती पिशवी त्याच्या हातून घेऊन रिकामी करावी, कपडे घडी घालून आपल्या पेटीत ठेवावेत, आणि पिशवी खुंटीला अडकवून द्यावी. सावित्रीबाईंनी यशवंतासाठी केले ते ह्याहून निराळे नव्हते.